ड्रायव्हर कर्नलला हाक कशी मारतो? चार शून्य बाइट्सची गोष्ट

नमस्कार मंडळी. आज थेट लॅपटॉपच उघडून बसलोय.

(स्क्रीनवर टर्मिनल)

ही फाइल बघा. हॅलो डॉट केओ. लिनक्समध्ये लिहिता येईल असं सगळ्यात साधं मॉड्यूल. मॉड्यूल म्हणजे चालू कर्नलला नंतर जोडता येणारा कोडचा तुकडा, आणि कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. ड्रायव्हर बहुधा मॉड्यूल म्हणूनच येतात. कर्नलच्या लॉगमध्ये ‘हॅलो’ अशी एक ओळ टाकतं आणि गप्प बसतं. पण ती ओळसुद्धा ते स्वतः लिहीत नाही, कर्नलमधल्या प्रिंट-के या फंक्शनला बोलावतं. तुमच्या वायफायचा, साउंड कार्डाचा, पेन ड्राइव्हचा ड्रायव्हर हेच करतो. मेमरी हवी, के-मॅलॉकला हाक मार. इंटरप्ट, म्हणजे हार्डवेअरकडून येणारा इशारा हवा, रिक्वेस्ट-आयआरक्यूला हाक मार.

आता माझा प्रश्न. हे मॉड्यूल मी आज सकाळी या टेबलावर कंपाइल केलं. कर्नल कुठल्यातरी बिल्ड मशीनवर काही महिन्यांपूर्वी तयार झालं. दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही. मग प्रिंट-के मेमरीत नेमकं कुठे राहतं, हे या फाइलला कोण सांगतं?

त्याआधी एक गैरसमज काढून टाकू, कारण वर्गात शिकवताना मला तो दर वर्षी भेटतो. बरेच जण म्हणतात, ‘सर, ड्रायव्हर सिस्टिम कॉल करत असेल.’ नाही. सिस्टिम कॉल ही तुमच्या-आमच्या साध्या प्रोग्रॅमसाठीची खिडकी आहे. बँकेत आपण काउंटरबाहेर उभे राहतो, स्लिप भरून आत सरकवतो, आतला माणूस सही तपासतो, मग पैसे देतो. ब्राउझर, मीडिया प्लेअर, सगळे त्या रांगेत. ड्रायव्हर मात्र काउंटरच्या आतला माणूस आहे. कर्नल ज्या प्रिव्हिलेज लेव्हलला चालतं त्याच लेव्हलला तो चालतो आणि कर्नलचीच मेमरी त्याला दिसते. त्यामुळे त्याची हाक म्हणजे साधा फंक्शन कॉल. सी भाषेत तुम्ही एका फंक्शनमधून दुसरं बोलावता, अगदी तसा. मध्ये तपासणी नाही, स्लिप नाही.

म्हणूनच ड्रायव्हरमध्ये एक चुकीचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला चुकीचा पत्ता गेला, तर एखादं ॲप बंद पडण्यावर भागत नाही. अख्खं मशीन झोपू शकतं.

(स्क्रीनवर फाइलमधला मशीन कोड दाखवणाऱ्या ऑब्जडंप कमांडचं आउटपुट, एक ओळ मोठी करून)

आता ही ओळ जवळून बघा, आजचा सगळा खेळ हिच्यात आहे. प्रिंट-केला बोलावण्याची मशीन इन्स्ट्रक्शन. पाच बाइट्सची. पहिला बाइट ई८. इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरांवर ई८ म्हणजे ‘कॉल’. त्यापुढचे चार बाइट्स सांगतात की इथून किती अंतरावर उडी मारायची.

आणि ते चार बाइट्स काय आहेत? शून्य, शून्य, शून्य, शून्य.

जागा रिकामी सोडलीय. कंपायलरला पत्ता माहीत नव्हता, त्यानं खोटा पत्ता टाकला नाही. त्याऐवजी फाइलमध्ये बाजूला एक चिठ्ठी ठेवली: या ठिकाणी चार बाइट्स भरायचे राहिलेत, इथे प्रिंट-केचं अंतर लिहा. या चिठ्ठीला रिलोकेशन म्हणतात. एनएम ही कमांड चालवली की अशी सगळी बाकी राहिलेली नावं दिसतात, प्रत्येकापुढे इंग्रजी यू अक्षर. अनडिफाइंड. ५.१५ किंवा त्यापुढचं कर्नल असेल तर तुम्हाला प्रिंट-केच्या आधी एक अंडरस्कोअर दिसेल. घाबरू नका, त्या आवृत्तीपासून प्रिंट-के हे मॅक्रो, म्हणजे कंपाइल होताना दुसऱ्या कोडने बदललं जाणारं नाव झालं आणि खरं फंक्शन अंडरस्कोअरवालं आहे.

आता मी इन्समॉड, म्हणजे मॉड्यूल कर्नलमध्ये चढवायची कमांड चालवतो. (कमांड टाइप करताना) इन्समॉड फारसं काही करत नाही, फाइल उघडते आणि कर्नलच्या हातात देते. बाकीचं काम कर्नलच्या आत बसलेला लिंकर, म्हणजे नावं आणि पत्ते जोडणारा कोड करतो. आधी असं नव्हतं. लिनक्स कर्नलच्या २.४ आवृत्तीच्या काळात हे जोडकाम कर्नलबाहेर इन्समॉडच करायचं आणि तयार माल आत ढकलायचं. २००३ च्या डिसेंबरात २.६ आलं, त्यात कर्नल डेव्हलपर रस्टी रसेल यांनी नव्यानं लिहिलेला लोडर होता आणि लिंकिंग कर्नलच्या आत गेलं. मॉड्यूलच्या फाइलला ‘केओ’ हे शेपूट लागलं ते तेव्हापासून.

तर कर्नल काय करतं? मॉड्यूलसाठी मेमरीत जागा काढतं, कोड तिथे उतरवतं आणि एकेक चिठ्ठी हातात घेतं. प्रिंट-के पाहिजे? कर्नलजवळ बाहेर द्यायच्या नावांची एक यादी असते, अक्षरक्रमाने लावलेली. तिच्यात बायनरी सर्चने, म्हणजे दर वेळी यादी अर्धी करत शोधतं. नाव सापडलं की पत्ता मिळाला. मग वजाबाकी: प्रिंट-केचा पत्ता वजा आपल्या कॉलच्या पुढच्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता. जे उत्तर येईल ते त्या चार शून्यांच्या जागी लिहायचं. झालं. सगळ्या चिठ्ठ्या संपल्या की तो कोड रीड-ओन्ली करून टाकतं आणि मॉड्यूलचं इनिट, म्हणजे सुरुवातीचं फंक्शन चालवतं.

चार बाइट्समध्ये चिन्हासकट जेमतेम २ जीबी मागे किंवा २ जीबी पुढे एवढंच अंतर मावतं. मग मॉड्यूल मेमरीत कुठेतरी लांब उतरलं तर? म्हणूनच ६४ बिट इंटेल-एएमडी मशीनवर कर्नलचा कोड आणि मॉड्यूलांची जागा, दोन्ही पत्त्यांच्या अगदी शेवटच्या २ जीबीच्या पट्ट्यात शेजारी शेजारी ठेवलेली आहे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. मेमरीचा नकाशा पाठ करायची गोष्ट वाटायची, आणि इथे त्याचं कारण ई८ नंतरच्या चार बाइट्समध्ये सापडलं. तुमच्या मोबाइलच्या ६४ बिट एआरएम प्रोसेसरवर थेट उडीचा पल्ला फक्त १२८ एमबी आहे, त्यामुळे तिथे अंतर जास्त पडलं तर लोडर मध्ये एक छोटी पायरी बांधतो आणि कॉल तिच्यावरून जातो.

कुणी म्हणेल, पत्ता एकदा शोधून कायमचा लिहून का ठेवत नाहीत? कारण तो टिकत नाही. कर्नल बदललं की पत्ता बदलतो. आणि आता तर तेच कर्नल असलं तरी दर वेळी मशीन सुरू होताना ते वेगळ्या जागी उतरतं, हल्लेखोराला अंदाज येऊ नये म्हणून. त्यामुळे वजाबाकी प्रत्येक वेळी नव्यानं.

आता त्या यादीकडे येऊ. मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच.

कर्नलमधलं प्रत्येक फंक्शन मॉड्यूलला मिळत नाही. फंक्शन लिहिणाऱ्यानं त्याच्याखाली ‘एक्सपोर्ट सिंबल’ असं मुद्दाम लिहिलं असेल तरच ते नाव यादीत येतं. नसेल, तर ते फंक्शन मेमरीत जिवंत आहे, चालतंय, पण ड्रायव्हरच्या लोडरला ते दिसत नाही. तुम्हाला मिळतं ‘अननोन सिंबल इन मॉड्यूल’. हा संदेश आला की थेट डी-मेसेज या कमांडनं कर्नलचा लॉग बघा, तिथे कुठलं नाव सापडलं नाही ते स्पष्ट लिहिलेलं असतं. कधी कधी ते नाव दुसऱ्या मॉड्यूलमध्ये असतं आणि ते अजून चढलेलंच नसतं. अशा वेळी इन्समॉडऐवजी मॉडप्रोब वापरा, ते आधी लागणारी मॉड्यूलं स्वतः चढवतं.

यादीतही दोन रांगा आहेत. दुसरी ‘एक्सपोर्ट सिंबल जीपीएल’. जीपीएल म्हणजे लिनक्स ज्या मुक्त परवान्याखाली येतं तो. मॉड्यूलनं आपला परवाना जीपीएलशी जुळणारा आहे असं जाहीर केलं नसेल, तर या रांगेतली नावं त्याच्यासाठी नाहीतच. काही ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी यातून पळवाट काढली होती: कॉलसिम्स-लुकअप-नेम हे फंक्शन नाव दिलं की कुठलाही पत्ता देत असे, एक्सपोर्ट केलेलं असो वा नसो. २०२० मध्ये ५.७ आवृत्तीत तेच एक्सपोर्टमधून काढून टाकलं. माझ्या मते योग्य केलं. यादी ठेवायची आणि मागचं दार उघडं ठेवायचं, याला अर्थ नव्हता.

कारण नीट विचार करा. चार बाइट्स एकदा भरले की पुढे कुणी पहारेकरी नाही. तपासणी होते ती फक्त चढताना, नाव शोधलं जातं त्या क्षणी. म्हणून तिथे आणखी एक गोष्ट बघतात. फंक्शनचं नाव तेच आहे, पण आत जाणाऱ्या स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे एकत्र बांधलेल्या डेटाच्या गठ्ठ्यात, मध्येच एक फील्ड वाढलंय, असं झालं तर? कॉल बरोबर जागी जाईल आणि चुकीच्या जागचा डेटा वाचेल. यासाठी लिनक्सच्या बऱ्याच वितरणांमध्ये (डिस्ट्रिब्युशन्समध्ये) प्रत्येक एक्सपोर्ट केलेल्या फंक्शनच्या घोषणेवरून, त्यातल्या टाइप्ससकट, एक सीआरसी, म्हणजे पडताळणीचा आकडा काढून ठेवतात. मॉड्यूलमधला आकडा आणि कर्नलमधला आकडा जुळला नाही, तर मॉड्यूल बाहेर.

लिनक्स ही आतली जुळणी कायम ठेवायचं वचन कधीच देत नाही. बाहेरच्या प्रोग्रॅमांसाठी सिस्टिम कॉल जपतात, आतली फंक्शनं गरजेप्रमाणे बदलतात. अँड्रॉइडवाल्यांना हे परवडेना, कारण चिप बनवणाऱ्यांचे ड्रायव्हर वेगळे येतात. म्हणून अँड्रॉइड १२ आणि ५.१० कर्नलपासून गूगलनं एकच सामायिक कर्नल आणि सोबत सिंबलांची ठरलेली यादी, अशी व्यवस्था नव्या फोनांना लागू केली. त्या यादीतली जुळणी त्या शाखेपुरती स्थिर राहते.

हाक उलट्या दिशेनंही जाते, तेही पटकन बघू. कर्नलला ड्रायव्हरच्या फंक्शनांची नावं माहीत नसतात. ड्रायव्हर नोंदणी करताना फंक्शन पॉइंटरनी भरलेलं एक स्ट्रक्चर देतो: वाचायचं असेल तर हा पत्ता, लिहायचं असेल तर हा. तुम्ही फाइल वाचता तेव्हा कर्नल त्या पॉइंटरवरून उडी मारतं.

आता एक स्वतःचा अनुभव सांगतो. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत सेन्सरची रीडिंग्ज घेणारं जुनं कार्ड होतं. मशीन ४.४ कर्नलवर होतं, ते ५.४ वर नेलं. जुनं मॉड्यूल चढवायला गेलो, ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’. मॉड्यूलवर कोरलेली कर्नलची आवृत्तीच वेगळी होती. सुदैवानं सोर्स होता. पुन्हा कंपाइल केला तर एका नावावर अडला: डू-गेटटाइमऑफडे. प्रत्येक रीडिंगला वेळेचा शिक्का मारायला ड्रायव्हर ते वापरत होता. ५.० मध्ये ते काढलं गेलं होतं, कारण ३२ बिट मशीनवर त्याचा सेकंदांचा आकडा १९ जानेवारी २०३८ ला भरून उलटा झाला असता. त्याच्या जागी के-टाइम-गेट-रिअल-टीएस६४ घ्यायचं. ते एक्सपोर्ट केलेलं आहे.

मी नाव बदललं, स्ट्रक्चर बदललं, मॉड्यूल चढलं, सगळे चार-चार बाइट्स व्यवस्थित भरले गेले. एकही एरर नाही. आणि आलेखावर वेळ वेडीवाकडी उडत होती. अख्खी संध्याकाळ मी कार्डाच्या वायरी तपासत बसलो. जुनं फंक्शन सेकंदांच्या पुढचा भाग मायक्रोसेकंदांत द्यायचं, नवं नॅनोसेकंदांत देतं. लोडरनं नाव जुळवलं होतं, पत्ता जुळवला होता. त्या आकड्याचा अर्थ जुळवणं माझं काम होतं. एका ओळीत १००० नं भागलं आणि आलेख सरळ झाला.

(स्क्रीनवर पुन्हा टर्मिनल)

आता तुमच्या मशीनवर एलएसमॉड चालवा. शेवटच्या रकान्यात कोण कुणाची फंक्शनं वापरतंय ते दिसेल. त्यातलं एक मॉड्यूल निवडा, त्याच्या केओ फाइलवर एनएम चालवा. फाइल कॉम्प्रेस करून ठेवलेली असेल तर आधी उलगडून घ्या. यूवाली नावं मोजा आणि कमेंटमध्ये मॉड्यूलचं नाव आणि आकडा लिहा. सगळ्यात जास्त नावं असलेलं मॉड्यूल आपण पुढच्या व्हिडिओत उघडू.