काट्यावरची वही आणि कारखान्याचं सॉफ्टवेअर

एप्रिलमध्ये गोव्यात डिचोलीच्या बाजूला एखाद्या काजू कारखान्यात गेलात तर गेटवर पोत्यांची रांग, आणि काट्याशेजारी टेबलावर जाड वही. वजन, ओलाव्यापोटी धरलेली घट, भाव, बागायतदाराने घेतलेली उचल, सगळं तिच्यात. कारखान्याचं काम सॉफ्टवेअरवर न्यायचं असेल तर सुरुवात या वहीपासून होते.

पणजी-पर्वरीहून सॉफ्टवेअरवाल्यांची टीम येते, मालक सांगतात की माल येतो, वजन होतं, पैसे देतो, झालं. पण काट्यावरच्या कारकुनाजवळ तासभर बसा, मग कळतं की ओली बी आली तर तिचा ढीग वेगळा, भाव वाळल्यावर ठरतो, आणि जुन्या बागायतदाराची उचल त्यातूनच वळती होते. हे सगळं त्या माणसाच्या डोक्यात. मला विचाराल तर अर्धा प्रोजेक्ट इथेच पास किंवा नापास होतो, आणि नेमकी इथेच सगळ्यांना घाई असते.

मग या कामाचं चित्र काढतात. त्यासाठी बीपीएमएन नावाची पद्धत आहे, तिची 2.0 आवृत्ती 2011 ची. चौकोन म्हणजे काम, तिरपा चौकोन म्हणजे निर्णय, आणि प्रत्येक माणसाची आपली पट्टी. चित्र भिंतीवर लागलं की लगेच दिसतं, एकच वजन तीन वह्यांत उतरवलं जातंय! ते आधी बंद करा, नाहीतर तोच घोळ कॉम्प्युटरवर चढतो.

कोडिंग त्यानंतर, ते होतं.

मास्टर डेटा, म्हणजे ज्यावर पुढच्या सगळ्या नोंदी उभ्या राहतात ती मूळ माहिती, मात्र जपून भरा. डब्ल्यू 180, 240, 320 या ग्रेड, म्हणजे एका पौंडात, साधारण 454 ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त तेवढे अख्खे गर, त्यामुळे आकडा लहान तेवढा गर मोठा. ग्रेड उलटीपालटी झाली की स्टॉक चुकला, बिल चुकलं. म्हणून टेस्टिंगला ग्रेडिंगच्या टेबलावरच्या बायकांनाच बसवा, आणि गेल्या सीझनची खरी वही समोर ठेवा.

गो-लाइव्ह, म्हणजे सॉफ्टवेअर प्रत्यक्ष कामात सुरू करणं, ऐन सीझनमध्ये नकोच. पावसात खरेदी थांबलेली असते, तेव्हा स्टॉक मोजून सुरुवात करावी, आणि पुढच्या वर्षी आवक सुरू होताना थोडे दिवस वही आणि स्क्रीन दोन्ही चालू, रोज संध्याकाळी टॅली. फरक आला तर त्याच दिवशी शोधायचा.

आणि लाईट गेली तर? काट्यापाशी कागदी पावत्यांचं पुस्तक ठेवायचं, लाईट आल्यावर त्या पावत्या कोण चढवणार ते आधीच ठरवून.