चांदी खरी, पण नाणं खरं का?

मंडळी, जुनं चांदीचं नाणं हातात आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘चांदी खरी आहे ना?’ दुर्मिळ नाण्याच्या बाबतीत हा प्रश्न अपुरा आहे. ज्या नाण्याला संग्राहक चांदीच्या भावाच्या कितीतरी पट मोजतात, त्याची नक्कल करणारा चांदीत काटकसर कशाला करेल? तो बिनदिक्कत अस्सल चांदी वापरतो. म्हणून विचारायचं ते असं, की हे नाणं घडलं कसं?

तरीही धातूची परीक्षा आधी उरकून घ्यावी, ढोबळ नकला तिथेच गळतात. चुंबकाला फार महत्त्व देऊ नका. चांदीला तो ओढत नाही, पण तांबं, पितळ, शिसं यांनाही ओढत नाही. घनता जास्त विश्वासाची. अमेरिकेचा मॉर्गन डॉलर घ्या: ९० टक्के चांदी, १० टक्के तांबं, वजन २६.७३ ग्रॅम. पाण्याचं भांडं काट्यावर ठेवा, आकडा शून्यावर आणा आणि दोऱ्याला बांधलेलं नाणं तळाला न टेकवता पूर्ण बुडवा. काटा साधारण २.६ ग्रॅम दाखवेल; हे नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. तेवढ्याच वजनाचं, मुलामा दिलेलं पितळ असेल तर आकडा ३ ग्रॅमच्या पुढे जातो.

पण कार्ल विल्हेल्म बेकरसारख्या माणसापुढे हा काटा काय करणार? हा जर्मन गृहस्थ १७७२ ते १८३० या काळातला. प्राचीन नाण्यांचे ठसे तो स्वतः हाताने कोरायचा, आणि कधीकधी स्वस्तातली खरी प्राचीन नाणी घेऊन त्यांच्यावरच ते उमटवायचा. म्हणजे धातूसुद्धा प्राचीनच! नवेपणा जावा म्हणून लोखंडाच्या किसाबरोबर पेटीत घालून ती नाणी घोडागाडीला बांधून फिरवायचा. अशा वेळी कामी येते ती फक्त नजर, शेकडो खरी नाणी पाहून तयार झालेली.

ओतीव नक्कल त्या मानाने लवकर सापडते. भिंगाखाली बारीक छिद्रं दिसतात, अक्षरांच्या कडा बोथट असतात, आणि नाण्याच्या कडेवर साच्याच्या जोडाची रेघ किंवा ती घासून काढल्याच्या खुणा असतात. लोक दोन्ही बाजू निरखतात आणि कड पाहायची विसरतात, हे मी वारंवार पाहतो. ठशाखाली दाबून घडवलेल्या नाण्यात धातू मधून कडेकडे सरकलेला असतो. न झिजलेलं असं नाणं दिव्याखाली हळूहळू फिरवा, चकाकी चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते.

आता अधिक धूर्त प्रकार: नाणं खरं, पण बदललेलं. १८९३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या टाकसाळीत मॉर्गन डॉलर फक्त एक लाख पाडले गेले. त्यांच्या मागच्या बाजूला, पुष्पचक्राच्या खाली, ‘एस’ हे टाकसाळचिन्ह असतं. त्याच वर्षीच्या फिलाडेल्फियाच्या नाण्यावर काहीच चिन्ह नसतं. मग तिथे एक इवलासा ‘एस’ चिकटवला की झालं! आपण भिंग घेऊन त्या ‘एस’च्या मुळाशी फट शोधत बसतो. शोधावीच, पण मग नाणं उलटं करा. सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या सगळ्या नाण्यांची दर्शनी बाजू एकाच ठशातून निघाली आहे. तिथल्या स्त्रीच्या मुकुटावरच्या ‘लिबर्टी’ या शब्दातल्या ‘टी’च्या माथ्यावर एक बारीक, तिरपी, उंचावलेली रेघ असते. चिन्ह चिकटवणाऱ्याचा हात या बाजूला पोहोचलेलाच नसतो. ती रेघ नसेल आणि ‘टी’ झिजलेला नसेल, तर नाणं परत करा.

सर्वांत अवघड ते खऱ्या नाण्यावरून ठसा काढून पाडलेले तुकडे. त्यात रचना, अक्षरं, दातेरी कड सगळं जुळतं. पण मूळ नाण्याला वापरात जे ओरखडे आणि टोचे पडले होते, तेही ठशात उतरतात आणि प्रत्येक नकलेवर पुन्हा उमटतात. इथे एक फरक नीट ध्यानात ठेवा. उंचावलेली रेघ दोन नाण्यांवर सारखी असणं स्वाभाविक आहे, कारण ठशावर चरा पडला की नाण्यावर तो उंच उठतो. खोलगट ओरखडा मात्र त्या एका नाण्याचा स्वतःचा असतो. तोच टोचा, त्याच जागी, त्याच आकाराचा, दोन वेगवेगळ्या नाण्यांवर दिसला तर दोन्ही संशयित ठरतात, कारण मूळ नाणं त्यांच्यापैकी असलंच तर एकच असेल. म्हणून घेण्याआधी त्या प्रकारच्या नाण्यांची जितकी स्पष्ट छायाचित्रं मिळतील तितकी शेजारी ठेवा, आणि रचनेऐवजी गालावरचे, मोकळ्या जागेतले खड्डे जुळतात का ते बघा.