तिरसटपणाला कारण हवेच का?

अध्यक्षमहाराज आणि वाचकमित्रहो,

निमंत्रणपत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय ‘अलीकडच्या लोकप्रिय व्यक्तिरेखाप्रधान कादंबऱ्या आणि मराठी कादंबरीची परंपरा’ असा छापलेला आहे. विषयाची ही लांबी संयोजकांनी ठरवलेली आहे, आणि मिळालेला वेळ पाहता परंपरेच्या वाट्याला फारसे काही येईल असे मला वाटत नाही. १८७५ पासून वसंत व्याख्यानमाला ऐकणाऱ्या या शहराला वक्ता मूळ विषयावर कधी येतो याची वाट पाहण्याचा दीडशे वर्षांचा सराव आहे, एवढाच मला आधार वाटतो.

मी समीक्षक नाही. नोकरीची सगळी वर्षे बँकेत लोकांचे अर्ज वाचण्यात गेली आणि उरलेला वेळ कादंबऱ्या वाचण्यात. त्यामुळे माझ्या मतांना अर्ज तपासणाऱ्या माणसाची सवय चिकटलेली आहे. आज बोलायचे आहे ते गेल्या पंधरा-वीस वर्षांत जगभर खपलेल्या आणि आपल्याकडेही घरोघरी पोहोचलेल्या एका विशिष्ट प्रकारच्या कादंबऱ्यांविषयी. यांत खून, कारस्थान, खजिना असे काही नसते, किंवा असले तरी ते तोंडी लावण्यापुरते असते. कादंबरीभर एक माणूस असतो. तो बहुधा एकटा, बहुधा वयस्कर, आणि जवळजवळ नेहमी तिरसट असतो. फ्रेडरिक बॅकमन या स्वीडिश लेखकाची ‘अ मॅन कॉल्ड ओव्ह’ २०१२ मध्ये आली, तिच्यावर २०१५ मध्ये स्वीडनमध्ये आणि २०२२ मध्ये टॉम हँक्सला घेऊन हॉलिवूडमध्ये चित्रपट निघाला. त्याच २०१२ साली रेचल जॉइस यांचा हॅरल्ड फ्राय हा निवृत्त गृहस्थ, मृत्युशय्येवरच्या जुन्या सहकारी स्त्रीला लिहिलेले पत्र टाकायला म्हणून घराबाहेर पडला आणि पत्रपेटीपाशी न थांबता, पायांतल्या साध्या बुटांनिशी, इंग्लंडच्या दक्षिण टोकाकडून उत्तर टोकापर्यंत चालत गेला. २०१७ मध्ये गेल हनीमन यांची एलेनॉर ऑलिफंट आली. ही ग्लासगोतल्या एका कचेरीत हिशेब पाहते, शुक्रवारी संध्याकाळी पिझ्झा आणि व्होडकाच्या दोन बाटल्या घेऊन घरी जाते आणि सोमवारी सकाळपर्यंत कोणाशी एक शब्दही बोलत नाही.

हे सगळे मी आवडीने वाचलेले आहे, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचे ऐकून कोणी म्हणेल की बाईंना चांगले काही बघवत नाही. लोकप्रिय कादंबरीत साठीचा माणूस पूर्वी नायिकेचा बाप म्हणून यायचा, कन्यादान करायचा आणि बाजूला व्हायचा. त्याला मध्यभागी आणून बसवले, हे या लेखकांचे मोठेच काम आहे. माझे भांडण वेगळ्या मुद्द्यावर आहे, आणि ते नीट समजावे म्हणून आमच्या सोसायटीतली हकीकत सांगणे भाग आहे.

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांना आपण नुसते काका म्हणू. रोज पहाटे काका हातात विजेरी घेऊन वाहनतळाची फेरी मारतात. पांढऱ्या रेषेवर कोणाचे चाक आले असेल तर त्या गाडीच्या वायपरखाली चिठ्ठी जाते. चिठ्ठीवर तारीख, वेळ आणि चाक रेषेच्या किती बोटे बाहेर आहे तो आकडा असतो. जिन्याखालच्या फळ्यावर त्यांच्या हस्ताक्षरातल्या सूचना लागतात. ‘येथे चपला काढू नयेत. काढल्यास त्या आपल्या समजू नयेत.’ ही त्यांतली सौम्य सूचना. घरपोच जेवण आणणाऱ्या मुलाने दुचाकी फाटकाच्या आत आणली तर ते त्याला थांबवून, गाडी बाहेर लावायला सांगून, मग जिना कोणता हे सविस्तर समजावतात, आणि वर ज्याने जेवण मागवलेले असते त्याचा डोसा तोवर गार होतो.

आमच्या इमारतीत एक वाचनकट्टा आहे. महिन्यातून एकदा आम्ही बसतो, एक पुस्तक ठरवतो, आणि पुस्तकाविषयी थोडे व इतर विषयांवर पुष्कळ बोलतो. ‘ओव्ह’ आम्ही दोन बैठका घेऊन वाचली, कारण पहिली बैठक त्याला ओव्ह म्हणावे की ऊवे यातच संपली. दुसऱ्या बैठकीत मात्र कट्टा अगदी हळवा झाला. ज्यांनी ही कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी सांगते, ओव्ह एकोणसाठ वर्षांचा आहे, साब गाडी चालवतो, आणि रोज सकाळी पावणेसहाला उठून वसाहतीची फेरी मारतो. निषिद्ध जागी कोणी गाडी लावली आहे का, सायकली नेमलेल्या ठिकाणी आहेत का, हे तपासतो. आमच्यातल्या एका बाईंचे डोळे त्याच्या बायकोच्या कबरीच्या प्रसंगावर बोलताना भरून आले. दुसऱ्या म्हणाल्या, “असा शेजारी मिळायला भाग्य लागतं.”

आणि त्याच संध्याकाळी, चहा झाल्यावर, माझ्याच जेवणाच्या टेबलावर काकांना व्यवस्थापक समितीतून काढावे या मागणीच्या अर्जाचा मसुदा तयार झाला.

मी एवढेच विचारले की, आत्ता ज्याच्यासाठी आपण रुमाल काढला तो आणि हे, यांच्यात नेमका फरक कोणता? क्षणभर सगळ्या गप्प झाल्या. मग ज्यांचे डोळे भरले होते त्याच बाई म्हणाल्या, “अहो, ओव्हचं दुःख आपल्याला माहीत आहे. यांना कसलं दुःख आहे?”

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर मला ठाऊक आहे. काकांना दुःख नाही. मुलगा जवळच बाणेरला असतो आणि दर रविवारी येतो. निवृत्तिवेतन व्यवस्थित आहे. काकू ठणठणीत आहेत, आणि त्यांना मी एकदा विचारलेही होते की, हे निवृत्तीनंतर असे झाले का? काकू हसल्या आणि म्हणाल्या, “छे हो! आमच्या लग्नाच्या पंगतीत हे मुंडावळ्या बांधून उठले आणि पानं सरळ रेषेत मांडलेली नाहीत म्हणून वाढप्यांना पुन्हा मांडायला लावली.” म्हणजे माणूस मुळातच असा आहे. कोणी गेले म्हणून नाही, काही गमावले म्हणून नाही. त्यांना पान सरळ लागते.

आता माझा मुद्दा सांगते. या कादंबऱ्यांतला तिरसट माणूस आपल्याला आवडतो तो त्याच्या तिरसटपणासह आवडत नाही. त्याच्या तिरसटपणाला जोडलेल्या दाखल्यामुळे आवडतो. बँकेत थकलेल्या हप्त्याच्या अर्जाला जसा वैद्यकीय दाखला जोडलेला असे, तसा प्रत्येक नायकाच्या मागे एक आघात जोडलेला असतो, आणि तो सादर कधी करायचा याचेही गणित बसलेले आहे. ओव्हचा भूतकाळ आजच्या घटनांच्या मधूनमधून प्रकरणे पेरून उलगडतो, आणि स्पेनमधल्या बस अपघाताने त्याचे व त्याच्या बायकोचे काय हिरावून घेतले, हे आपल्याला पुष्कळ उशिरा कळते. हॅरल्ड शेकडो मैल चालून झाल्यावर मुलाविषयीचे खरे सांगतो. एलेनॉरच्या चेहऱ्यावरचे व्रण पहिल्यापासून दिसतात, पण त्यांची हकीकत शेवटाकडे येते. ती मी येथे फोडत नाही, कारण तिसऱ्या रांगेतल्या एका ताई मला आल्याआल्याच दम देऊन बसल्या आहेत. तंत्र तेच: आधी वाचकाला या माणसाला हसू द्यायचे, मग त्याला कारण दाखवून हसल्याबद्दल शरमिंदे करायचे, आणि शेवटी त्या शरमेतून आपण किती सहृदय आहोत याचे समाधान पदरात टाकायचे.

एकदा हे ओळखले की वाचकाचे मोठे नुकसान होते. पन्नासाव्या पानावरच तो आघात शोधू लागतो. माणसाचे बोलणे, चालणे, त्याची हट्टी मते, हे सगळे पुढच्या खुलाशाची सूचना म्हणून वाचले जाते. त्यात स्वतःचे असे काही उरत नाही. ओव्हमधला मला सर्वांत आवडलेला भाग त्याच्या आणि रून या शेजाऱ्याच्या भांडणाचा आहे. एक साबवाला, दुसरा व्होल्वोवाला. दोघे वर्षानुवर्षे गाड्या बदलतात, पण कंपनी बदलत नाहीत; आणि एक दिवस रून चक्क बीएमडब्ल्यू घेऊन येतो आणि ओव्हच्या लेखी विषय संपतो. नळाच्या पाण्यावरून तीन पिढ्या अबोला धरणाऱ्या आपल्या वाड्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. पण लेखकाला तिथेही राहवत नाही. त्या भांडणाखाली तो दोन घरांतले मुलांविषयीचे दुःख सरकवतोच. अरे बाबा, राहू दे ना ते गाडीचे भांडण गाडीचेच!

‘लेसन्स इन केमिस्ट्री’विषयी विचाराल तर माझी तक्रार उलटी आहे. बॉनी गार्मस यांची ही २०२२ ची कादंबरी तडफदार आहे, पण तिच्या एलिझाबेथ झॉटमध्ये दोषच सापडत नाही. सगळे दोष आजूबाजूच्या पुरुषांत वाटून टाकले आहेत. त्याच वर्षीच्या शेल्बी व्हॅन पेल्ट यांच्या ‘रिमार्कब्ली ब्राइट क्रीचर्स’मध्ये मत्स्यालयातला मार्सेलस नावाचा ऑक्टोपस काही प्रकरणे स्वतः सांगतो. तो काचेच्या टाकीत कैद आहे हे खरे, पण माणसांना तो तुच्छ लेखतो ते मुख्यतः स्वतःच्या हुशारीच्या गर्वामुळे, आणि माझ्या मते त्या पुस्तकातले अस्सल पुणेकर पात्र तेच आहे.

याच्या उलट काय असू शकते, तर एलिझाबेथ स्ट्राउट यांची ‘ऑलिव्ह किटरिज’. २००८ चे पुस्तक, २००९ चे पुलित्झर पारितोषिक. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावातल्या तेरा कथा, आणि त्यांतून वावरणारी, गणित शिकवून निवृत्त झालेली ऑलिव्ह. मुलाच्या लग्नाच्या दिवशी ती दमून त्याच्या खोलीत पडलेली असते. तिने स्वतः शिवलेला, मोठमोठ्या फुलांचा हिरवा पोशाख घातलेला आहे. खिडकीबाहेरून नव्या सुनेचे शब्द कानावर येतात, आणि त्या पोशाखाची थट्टा तिला ऐकू येते. ऑलिव्ह रडत नाही. ती उठते, सुनेचे कपाट उघडते, एका स्वेटरच्या बाहीवर काळ्या मार्करने रेघ ओढते, एक अंतर्वस्त्र आणि बुटांच्या जोडातला एकच बूट आपल्या पिशवीत घालते. एकच! दोन्ही नेले असते तर ती चोरी झाली असती. एक नेल्यामुळे सून आता घरभर शोधत राहणार. वडिलांच्या आत्महत्येची सावली ऑलिव्हच्या आयुष्यावर आहे, आणि पुस्तकात ती दडवलेलीही नाही, पण लेखिका ती आणून त्या बुटाशेजारी ठेवत नाही. तो बूट ऑलिव्हने नेला, कारण ती ऑलिव्ह आहे. आमच्या कट्ट्यावर हे पुस्तक निम्म्या जणींनी अर्ध्यातच सोडले. “इतकी वाईट बाई का वाचायची?” असे त्यांचे म्हणणे होते. ही तक्रार मला ओव्हवरच्या अश्रूंपेक्षा प्रामाणिक वाटली.

अध्यक्षांची चिठ्ठी आलेली आहे. छापील विषयाचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे मराठी कादंबरीची परंपरा, मला आता सहा-सात मिनिटांत उरकायची आहे, आणि तिला हे नवे नाही.

थोडक्यात माझे म्हणणे असे की, दाखल्याशिवाय माणूस उभा करण्याची आपल्याकडे चांगली सवय होती. १९६३ च्या ‘कोसला’त पांडुरंग सांगवीकर पुण्यात येतो, वसतिगृहात राहतो, खानावळीच्या कारभारात पैसे घालवतो, परीक्षेत आपटतो आणि गावाकडे परततो. मधे धाकट्या बहिणीचा, मनीचा, देवीने झालेला मृत्यू येतो. मराठीत मृत्यूविषयी लिहिलेल्या सर्वांत अस्वस्थ करणाऱ्या पानांत मी ती पाने धरते. आजच्या लोकप्रिय कादंबरीकाराने हा मृत्यू राखून ठेवला असता आणि पांडुरंगच्या साऱ्या तुटकपणाची किल्ली म्हणून शेवटी काढला असता. नेमाड्यांनी तसे केलेले नाही. पांडुरंग मनी जाण्याआधीही तसाच होता, नंतरही तसाच राहतो, आणि दुःख त्याच्या स्वभावाशेजारी वेगळे बसून असते.

‘बनगरवाडी’तली माणसे आठवा. माडगूळकर त्यांना दोन-चार रेघांत उभे करतात आणि त्यांच्या पूर्वायुष्याची चौकशी न करता पुढे जातात. कोवळ्या वयाच्या मास्तरला गाव जसे दिसेल तसेच आपल्याला दिसते. यावर खरे तर वेगळे व्याख्यान हवे.

आणि शेवटचे उदाहरण पुण्यातलेच, २००६ चे, सचिन कुंडलकर यांचे ‘कोबाल्ट ब्लू’. घरात एक तरुण भाडेकरू म्हणून राहायला येतो. तनय त्याच्या प्रेमात पडतो, त्याची बहीण अनुजाही त्याच्याच प्रेमात पडते, आणि एक दिवस तो निघून जातो. कादंबरीचा पहिला भाग तनयचा, दुसरा अनुजाचा. त्याचा स्वतःचा भाग नाहीच. त्याला नाव नाही. तो असा का होता, याचा खुलासा करणारे प्रकरण येत नाही. दोघा भावंडांनी त्याला निरनिराळे पाहिले आहे, आणि त्या दोन पाहण्यांत न जुळणारे जे उरते, तेवढाच तो आपल्या हाती लागतो. कट्ट्यावर यावर पहिला प्रश्न अर्थातच “पण तो गेला कुठे?” हा आला, आणि दुसरा, “त्याचं लहानपणी काही झालं असेल का?”

दुसरी चिठ्ठी आली. अनुजाचा भाग मला तनयच्या भागापेक्षा सरस का वाटतो हे सांगायचे राहून गेले आहे. ज्यांना त्यावर भांडायचे असेल त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे यावे.