पावरी शिकायची तर आधी नाचा

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्याचा पश्चिमेकडचा डोंगराळ भाग. इकडे नंदुरबारचं नवापूर, पलीकडे गुजरातचं डांग. मार्गशीर्षात इथल्या कोकणा आणि भिल्ल पाड्यांवर डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो, आणि रात्र रात्र पावरी हे फुंकून वाजवायचं वाद्य घुमतं. त्याच्या चालीवर माणसं गोल धरून नाचतात.

वाळवलेला दुधी भोपळा, मेणाने बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, टोकाला बैलाचं शिंग. वाद्य एवढंच.

शिकायला आलेला पाहुणा वही उघडतो, भातखंडे पद्धतीने, म्हणजे शास्त्रीय संगीत लिहायच्या रूढ लिपीत, स्वर मांडतो. चाल मोजक्या सुरांची, चटकन लिहून होते. पण वहीतून वाजवली, की नाच काही उभा राहत नाही.

वाजवणाऱ्याची बोटं नीट पाहा. वहीत 'रे रे' लिहिलंय. बासरीवर हे दोन रे जिभेने तोडता येतात. पावरीत मात्र आवाज काढणारी पत्ती भोपळ्याच्या आत असते, जीभ तिथे पोचतच नाही. फुंकही अखंड. गालातली हवा पुढे ढकलता ढकलता नाकाने श्वास घ्यायचा. सूर तुटू द्यायचा नाही. मग दोन रे वेगळे होतात ते बोटाच्या एका झटक्याने. त्या झटक्यात निसटून गेलेला सूर वहीत नसतो, आणि आमच्या मते नाचाला उचल देतो तो तोच.

समेचंही, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेचंही, तसंच. वहीत फुलीची खूण असते. इथे सम पायात असते. वाजवणारा स्वतः चालत, वाकत वाजवतो. गोल रंगला की तीच चाल घोळवत ठेवतो, पावलं जड झाली की दुसरी धरतो. किती आवर्तनांनी, म्हणजे चालीच्या किती फेऱ्यांनी, हे आधी ठरलेलं नसतं.

म्हणून वही टाकून द्या, असं मुळीच नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी घराण्यांत अडकून पडलेल्या शेकडो बंदिशी लिहून सगळ्यांपुढे ठेवल्या, हे उपकार फार मोठे आहेत. पण ही चाल आधी अंगात मुरावी, मग कागदावर यावी.

तेव्हा आधी गोलात शिरा. पाऊल बसलं की चाल तोंडाने म्हणा. श्वासाच्या सरावाला तांब्याभर पाणी आणि एक नळी पुरे: बुडबुडे थांबू न देता नाकाने श्वास घेत राहायचं. पावरी हातात घ्यायची ती त्यानंतर. आणि मोबाईलवर टिपणार असाल, तर बोटांबरोबर नाचणाऱ्यांचे पायही चौकटीत येऊ द्या. नुसता आवाज घेतलात, तर चाल नेमकी कशामुळे बदलली ते घरी गेल्यावर कळणार नाही.