शेकाचे वस्त्र आणि उतारवयातील विस्मरण

श्रोतेहो, नमस्कार. न्हाणीतल्या तांब्याच्या भाणातले कढत पाणी अंगावर घेतले की आजीचे आखडलेले सांधे सैल होत, हे गोव्यातल्या जुन्या घरांत अनेकांनी पाहिले आहे. आता मात्र अंगावर घालायच्या शेकाच्या वस्त्राने वृद्धांची ढासळती स्मरणशक्ती सावरता येईल का, याचा शोध घेतला जात आहे.

उष्णतेने बुद्धी ताळ्यावर आणण्याची कल्पना जुनीच आहे. उपदंशाने मेंदू पोखरलेल्या रुग्णांना मुद्दाम हिवताप आणणाऱ्या ऑस्ट्रियाच्या वाग्नर-याउरेग यांना १९२७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. (काही रुग्ण त्या तापानेच दगावले, हेही सांगायला हवे.) अल्झायमरच्या, म्हणजे उतारवयात स्मरणशक्ती ढासळवणाऱ्या मेंदूच्या आजाराच्या, बाबतीत विचार निराळा आहे. शरीर तापले की पेशींमध्ये ‘हीट शॉक’ प्रथिने वाढतात, आणि घडी बिघडलेल्या इतर प्रथिनांना ती सावरतात; अल्झायमरमध्ये अशीच बिघडलेली प्रथिने मेंदूत साचतात. शिवाय उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात.

या आशेला बळ मिळाले ते फिनलंडमधून. तेथे २,३१५ मध्यमवयीन पुरुषांचा सुमारे वीस वर्षे मागोवा घेतला, तेव्हा आठवड्यातून चार ते सात वेळा सौना (तापवलेल्या खोलीत बसून घाम काढणे) घेणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण एकदाच घेणाऱ्यांपेक्षा ६६ टक्के कमी आढळले. पण जो मुळात धडधाकट, तोच वारंवार सौनात जाणार. त्यामुळे श्रेय उष्णतेचे की प्रकृतीचे, हे अशा पाहणीतून ठरत नाही. त्या पाहणीत स्त्रिया नव्हत्या. आणि तापून बाहेर आल्यावर तिथे गार हवा असते. आपल्याकडे मे महिन्याच्या दमट हवेत घाम वाळतच नाही.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. वयोमानाने घाम कमी येतो, तहान उशिरा लागते, मधुमेहाने पायांची संवेदना बोथट होते, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याला शेकानंतर उठताना भोवळ येऊ शकते; आणि ज्याच्यासाठी हे वस्त्र, त्या विस्मरणाच्या रुग्णाला ‘भाजते आहे’ एवढे सांगणेही कधी जमत नाही.

म्हणून सांध्यांसाठी साधा शेकपट्टा वापरतानाही डॉक्टरांना विचारावे, आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला तो लावून पाहावा, दर काही मिनिटांनी त्वचा तपासावी, आणि वृद्ध झोपलेले असताना तो अंगावर मुळीच ठेवू नये.