चार मायक्रॉनचा काप

[दृश्य: मायक्रोटोमचं, म्हणजे पातळ काप घेणाऱ्या यंत्राचं, चाक फिरतंय. पात्यावरून मेणाची पट्टी उतरतेय. पहिले काही क्षण फक्त यंत्राचा आवाज.]

हे मेण आहे. त्यात माणसाच्या लहान आतड्याचा एक तुकडा बसवलाय, करंगळीच्या नखाएवढा. चाकाच्या प्रत्येक फेरीला ठोकळा पात्यावरून खाली येतो आणि एक काप सुटतो. जाडी 4 मायक्रॉन. असे वीसेक काप एकावर एक ठेवले तर कुठे एका केसाची जाडी भरते.

काप एकमेकांना चिकटत येतात आणि त्यांची पट्टी होते. तिला बोट लावायचं नाही. बारीक कुंचल्याच्या टोकावर अलगद घ्यायची आणि कोमट पाण्यावर सोडायची. पाणी फार गरम असलं तर मेण वितळून काप फाकतो. गार असलं तर सुरकुत्या सुटत नाहीत. थर्मामीटर आहे बाजूला. पण आधी काय होतंय ते पाहा.

[दृश्य: पाण्यावर पट्टी पसरते. हात स्थिर. निवेदन थांबतं.]

शाळेत ऊतींचा, म्हणजे एकसारखं काम करणाऱ्या पेशींच्या समूहांचा, सगळा विषय एका तक्त्यात आटोपतो. अभिस्तर ऊती, संयोजी ऊती, स्नायू ऊती, चेता ऊती. चार रकाने, चार रंगीत चित्रं, आणि परीक्षेत 'कार्ये लिहा'. ते चित्र आधी कुणीतरी असंच कापलेलं असतं, पाण्यावरून असंच उचललेलं असतं. तक्त्यात त्याला रकाना नाही.

या एका तुकड्यात चारही ऊती आहेत. अजून त्यातली एकही दिसणार नाही.

'ऊति' या संस्कृत शब्दाचा एक अर्थ विणणं. फ्रेंच भाषेतला 'तिस्यू'ही विणण्यावरूनच आला. शरीराकडे असं विणकामासारखं पाहणारा माणूस म्हणजे फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ झाव्हिए बिशा. त्यानं शरीरात 21 प्रकारच्या ऊती मोजल्या आणि त्याही सूक्ष्मदर्शकाशिवाय. त्या काळच्या भिंगांवर त्याचा भरवसा नव्हता. म्हणून तो अवयवाचे थर सोडवायचा, उकळायचा, वाळवायचा, आम्लात टाकायचा, कुजू द्यायचा आणि कशाचं काय होतं ते पाहायचा. 1802 मध्ये तो गेला तेव्हा तीस वर्षांचा होता. पुढे सूक्ष्मदर्शक सुधारले आणि 21 ची यादी आटून चारवर आली.

[दृश्य: फॉर्मॅलिनची बरणी. चिमट्यानं तुकडा बाहेर येतो.]

शरीरातून निघालेला तुकडा लगेच सडू लागतो, म्हणून तो आधी फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे फॉर्माल्डिहाइडच्या पाण्यातल्या द्रावणात, जातो. 1893 मध्ये फर्डिनांड ब्लूम हा जर्मन डॉक्टर फॉर्माल्डिहाइड जंतुनाशक म्हणून तपासत होता. काम करता करता त्याच्याच बोटांची कातडी कडक झाली. बोटं कडक होतात, तर ऊतीही होईल! सव्वाशेहून अधिक वर्षं झाली, अजून बरणीत तेच आहे.

मग अल्कोहोल तुकड्यातलं पाणी काढून घेतं. झायलीन हे मेण विरघळवणारं द्रावक अल्कोहोलची जागा घेतं आणि वितळलेलं मेण झायलीनची. हे सगळं यंत्रात रात्रभर चालतं. सकाळी ठोकळा तयार असतो.

[दृश्य: काचपट्टी पाण्यात तिरकी शिरते, काप तिच्यावर चढून येतो. जवळून, सलग.]

काचेवर आलेला काप पाहा. पाहा म्हणजे, दिसला तर. मेण काढून टाकलं की उरते ती जवळपास पारदर्शक खपली. ऊतीला सांगण्यासारखा रंगच नसतो. पुस्तकातला जांभळा आणि गुलाबी बाहेरून येतो, या बरण्यांमधून.

पहिला रंग हिमॅटॉक्सिलिन. मध्य अमेरिकेतल्या लॉगवुड झाडाच्या गाभ्यातून तो निघतो. युरोपातले रंगारी त्यानं कापड रंगवायचे. रंग धाग्याला पक्का बसावा म्हणून रंगारी तुरटी वापरतात. इथंही ॲल्युमिनियमची तुरटीच लागते, फक्त धाग्याऐवजी पेशीचं केंद्रक असतं.

[दृश्य: स्लाइड रंगातून निघून पाण्यात जाते. लालसर जांभळा रंग निळा होत जातो.]

हा बदल आम्ही चार वेळा चित्रित केला. पाणी किंचित अल्कधर्मी असलं की लालसर रंग निळा पडतो. किती वेळ ठेवायचं ते पुस्तकात लिहिलंय, पण स्लाइड कधी उचलायची ते इथं डोळा ठरवतो.

दुसरा रंग इओसिन. हे नाव ग्रीकांच्या पहाटेच्या देवतेवरून, ईऑसवरून पडलं. आपली वेदांतली उषा आणि ही ईऑस भाषेच्या नात्यानं बहिणी. दोन्ही शब्दांचं मूळ एकच. रंगही तोच, उजाडतानाचा. केंद्रकाभोवतीचं पेशीद्रव आणि पेशींबाहेरचे तंतू इओसिन गुलाबी करतं.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकातून. आधी धूसर, मग स्पष्ट.]

आता दिसलं.

हे बोटांसारखे उंचवटे आतड्याच्या आतल्या बाजूचे. त्यांच्या कडेनं उभ्या पेशींची एक रांग, खेटून खेटून, मधे फट नाही. ही अभिस्तर ऊती. शरीराला जिथं जिथं पृष्ठभाग आहे, आतला किंवा बाहेरचा, तिथं ती असते. इथं ती अन्नरस शोषते. मधूनमधून या फिकट, फुगलेल्या पेशी चिकट स्राव सोडतात. त्वचेवर हीच ऊती थरावर थर चढवते, कारण तिथं घासलं जायचं असतं. फुप्फुसाच्या वायुकोशात ती इतकी चपटी होते की तिच्यातून प्राणवायू पार होतो. तिच्यात रक्तवाहिनी नसते, पोषण खालच्या थरातून झिरपत येतं. आणि ही रांग टिकाऊ नाही. पेशी खाली, खाचेत जन्मतात, सरकत वर येतात आणि टोकाशी पोचून गळून पडतात. तीन ते पाच दिवसांत सगळी रांग नवी.

[दृश्य: काच सरकते, गुलाबी तंतूंचा विरळ भाग.]

खाली ही मोकळी, गुलाबी जागा. पेशी थोड्या, तंतू फार. ही संयोजी ऊती, आणि हे तंतू कोलॅजनचे. शरीरात सर्वांत जास्त असलेलं प्रथिन हेच. बांधायचं, आधार द्यायचा, मधली जागा भरायची, ही या ऊतीची कामं. या वाहिनीत लाल पेशी दिसताहेत. त्यांना केंद्रक नाही, म्हणून निळा ठिपका नाही. रक्तही संयोजी ऊतीच, फक्त त्यातल्या पेशींमधली जागा द्रवानं भरलेली. कडेला ही पांढरी भोकं आहेत ना, तिथं चरबी होती. झायलीननं ती विरघळवून नेली. चरबीच्या चित्रात आपण चरबीची रिकामी घरं पाहत असतो.

[दृश्य: पेटीतली जुनी स्लाइड. घासून पातळ केलेलं हाड, गोल गोल वलयं.]

हे हाड. हेही संयोजी ऊतीच्याच घरातलं. कॅल्शियमच्या क्षारांनी घट्ट झालेलं, म्हणून पात्याला दाद देत नाही. एक तर आम्लात ठेवून मऊ करायचं, नाहीतर असं घासत बसायचं. प्रत्येक वलयाच्या मधोमध एक नळी, आणि तिच्यातून रक्तवाहिनी. इंग्रज वैद्य क्लॉप्टन हॅव्हर्सनं 1691 मध्ये या नळ्यांचं वर्णन केलं, आणि त्या त्याच्याच नावानं ओळखल्या जातात.

[दृश्य: पुन्हा आतडं. स्नायूंचे दोन थर.]

आणि हे विणकाम. आतला थर आतड्याभोवती गोल, बाहेरचा आतड्याच्या लांबीनं. एक आडवा, एक उभा. आडवा आवळला की नळी अरुंद होते, उभा आवळला की आखूड. दोघांनी पाळीपाळीनं आवळायचं, की घास पुढं सरकतो. ही स्नायू ऊती, पण तिच्यावर पट्टे नाहीत आणि ती आपलं ऐकत नाही. हाताच्या स्नायूंवर पट्टे असतात आणि ते ऐकतात. हृदयाच्या स्नायूंवर पट्टे असूनही ते ऐकत नाहीत. दिवसाला सुमारे एक लाख ठोके, न विचारता.

दोन थरांच्या फटीत हा फिकट पुंजका. मोठ्या पेशी, मोठं गोल केंद्रक. चेता ऊती. आतड्याच्या भिंतीत अशा कोट्यवधी चेतापेशी आहेत. स्नायूंनी कधी आवळायचं ते त्या बरंचसं जागच्या जागी ठरवतात, मेंदूला न विचारता. पाठीच्या कण्यापासून पावलापर्यंत जाणारा चेतातंतू मीटरभर लांब भरतो. या काचेवर त्याचा एक ठिपका मावेल.

प्रौढांमधले बहुतेक कर्करोग अभिस्तर ऊतीत सुरू होतात आणि निदान बहुधा अशाच कापावर होतं.

[दृश्य: हात. काचेच्या खरखरीत कडेवर पेन्सिल.]

नंबर पेन्सिलनंच लिहितात. साधी शाई अल्कोहोल-झायलीनमध्ये धुऊन जाते, शिसं राहतं. अहवालाखाली पॅथॉलॉजिस्टची सही येईल. काप घेणाऱ्याचं नाव कुठंच येत नाही.

[दृश्य: बर्फावरून पुढचा ठोकळा उचलला जातो. चाक फिरू लागतं. निवेदन नाही.]