बाहुलीतली चमक

सकाळचे साडेनऊ. मिरजेतल्या एका नेत्ररुग्णालयाची ओपीडी भरू लागली आहे. तासगाव, कवठेमहांकाळ, जतची मंडळी आहेत, तशी सीमेपलीकडून अथणी-कागवाडचीही आहेत. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली इथे रुग्णालय उभं केलं. तेव्हापासून दुखणं घेऊन मिरजेची वाट धरायची या भागाला सवयच आहे.

(दृश्य: पडदे ओढलेली खोली)

वरच्या मजल्यावर ऑप्टोमेट्रीची, म्हणजे नजर तपासून चष्म्याचा नंबर काढायला शिकणारी मुलं रेटिनोस्कोपी शिकत आहेत, म्हणजे डोळ्यात उजेड टाकून नंबर शोधणं. यंत्र हातात मावणारं. उजेडाची एक रेघ डोळ्यात सोडायची आणि बाहुलीतून परत येणारी तांबूस चमक बघायची. रेघ हलवल्यावर चमक तिच्याच बाजूने सरकली तर प्लस भिंग, उलटी पळाली तर मायनस. चमक मंद, रेंगाळणारी असेल तर नंबर अजून लांब आहे. ती रुंद आणि चपळ झाली की जवळ आलो. शेवटी हलणं थांबतं, अख्खी बाहुली एकदम उजळते. मग रेघ आडवी करून पुन्हा तेच. फरक निघाला तर सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेने नंबर असलेलं भिंग.

सांगायला एवढंच. शिकवायला फार अवघड, कारण ती चमक फक्त यंत्र धरणाऱ्याच्या डोळ्याला दिसते. शेजारी उभ्या असलेल्या, शिकवणाऱ्या मॅडमना दिसत नाही. त्या विचारत राहतात, "काय दिसतंय? कुठं पळतंय?"

म्हणून मॅडम सरावासाठीच्या एका नकली डोळ्यापुढे भिंग अडकवतात आणि नंबर सांगत नाहीत. एका विद्यार्थिनीने तो शोधायचा. तिचं प्रत्येक उत्तर अर्ध्या नंबरने चुकतंय. मॅडम तिचा हात बघतात. यंत्र डोळ्याच्या जितकं जवळ, तितकं शेवटी नंबरातून जास्त वजा करायचं असतं. ६६ सेंटिमीटरवरून तपासलं तर हिशेबातून दीड वजा होतो, पण हिचा हात आखडून ५० वर आला आहे. तिथे दोन वजा व्हायला हवेत. दोरीने मापून हात पुन्हा लांब केला जातो.

कॉम्प्युटरचं मशीन काही सेकंदांत नंबर छापून देतं. तरी हे शिकायलाच हवं, असं आम्हाला मनापासून वाटतं. दोन वर्षांचं लेकरू मशीनवर हनुवटी टेकवत नाही. अंथरुणाला खिळलेली आजी मशीनपर्यंत येत नाही. आणि मूल लांब बघायचं सोडून समोरच्या उजेडाकडेच बघत राहिलं, तर नसलेला मायनस दिसतो आणि त्याच्या नाकावर नको तो चष्मा चढतो. म्हणून लहान मुलांच्या तपासणीच्या खोलीत कार्टूनचा पडदा समोरच्या भिंतीवर, लांब लावलेला आहे.

(दृश्य: खालची ओपीडी)

आता खरे पेशंट. कागवाडचे एक आजोबा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मुलगी शिकलेलं कन्नड वापरते, "अज्जा, दूर नोड्री." म्हणजे आजोबा, लांब बघा. चमक अगदी अंधूक. मॅडम हळूच सांगतात, "जवळ जा, अजून जवळ, आणि अंतर लक्षात ठेव." ३३ सेंटिमीटरवर ती दिसू लागते. इथे तीन वजा.

पुढे तक्ता वाचायचा. "हे बरं की हे?" आजोबा दोन्हीला मान डोलावतात, पोरीला नाही कसं म्हणायचं! मुलगी प्रश्न बदलते. बरं-वाईट विचारत नाही, ओळ वाचायला सांगते. दुसऱ्या भिंगाने आजोबा आणखी एक ओळ खाली उतरतात.

मॅडम स्वतः तपासून बघतात. पाव नंबरचा फरक. वहीत सही होते आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं जातं.